जिन्यावरून जाणारा दोरा

मी, खाली सही करणारी, मासेमारीच्या सामानाच्या दुकानाची मालकीण, वयाने म्हातारी, गुडघ्याने अधू आणि अलीकडे छातीने कमजोर, हे माझं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणाचा दबाव नाही. असता तर मी तो चालवून घेतला नसता, हवं तर माझ्या दिराला विचारा. याआधी काही लिहून ठेवलेलं सापडलं तर ते रद्द समजावं.

माझे पती वारले आहेत. मला एकच मुलगी. ती दूरच्या शहरात नकाशे काढण्याच्या कचेरीत नोकरी करते. वडील गेल्यापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलं आहे. म्हणून हा कागद तिला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवावा. नुसता टपालाने पाठवला तर ती पाकीट न फोडता कपाटावर ठेवून देईल. ही खोड माझीच, तिच्यात उतरलेली.

१. घर, म्हणजे खाली दुकान, वर दोन खोल्या आणि मधला अरुंद जिना, सगळं मुलीला. विकायचं तर खुशाल विकावं. अट एकच, आधी कलम सात पुरं करावं.

२. बँकेतली ठेव मुलीची. भांडण लागावं इतकी ती नाहीच.

३. आमची होडी माझ्या दिराकडे आहे. "वहिनी, रविवारपुरती नेतो," असं म्हणून नेली. त्याचा तो रविवार अजून संपलेला नाही. ती त्यालाच राहू द्यावी. वल्ही मात्र माझ्याकडे आहेत, ती शेजारच्या शिंप्याला द्यावीत. दोघांनी आपसात बोलून काय ते ठरवावं. बोलतील की नाही, ते मला बघायला मिळणार नाही, याचं थोडं वाईट वाटतं.

४. दुकानातला माल मुलीने जुन्या गिऱ्हाइकांना द्यावा, पण आमच्या पद्धतीने. आमच्याकडे रॉड नुसता रंग बघून कधी विकला गेला नाही. गिऱ्हाइकाला मूठ हातात द्यायची, डोळे मिटायला सांगायचे आणि आपण शेंड्याला हलकी टिचकी मारायची. ज्या रॉडमधून टिचकी नीट कळली तो रॉड त्याचा. किमतीचं नंतर. कारण बास हा मासा, हिरव्या पाठीचा, मोठ्या जबड्याचा, खोटा रबरी किडा तोंडात घेतो आणि लगेच थुंकतो. हाताला एकदा टक्क होतं, तेवढंच. तेवढं कळलं नाही तर दिवसभर तळ्याकाठी बसून माणूस नुसता काळवंडून घरी येतो.

ही पद्धत ह्यांची. आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हाही ह्यांनी माझ्या हातात रॉड दिला आणि डोळे मिटायला सांगितले. मला वाटलं, मुलगा जरा चक्रम दिसतोय. मग मुठीत काहीतरी हललं.

"काय कळलं?" ह्यांनी विचारलं.

"दोनदा," मी म्हटलं.

"झालं तर मग," म्हणाले. बाकीचं घरच्यांनी ठरवलं.

५. आता ज्याच्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते. ह्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. हे वर पलंगावर, मी खाली दुकानात, मधे जिना आणि माझा हा गुडघा. हाक मारायला आवाज नाही. पण डावं मनगट शाबूत होतं, आणि मासा लागला की रॉड वर उचलायचा तो हाताचा हेलकावा ते विसरले नव्हते. नुसता दोरा बोटांत धरवत नव्हता. रॉडची मूठ मात्र अगदी बरोबर धरायचे.

मग ठरवलं, रॉड वर ह्यांच्या हातात आणि त्याचा दोरा जिन्यातून खाली माझ्या मनगटाला. रॉड निवडायला बसले, गिऱ्हाइकासाठी बसते तशीच. पहिला लांब आणि ताठ, दाट शेवाळातून मासा ओढून काढायचा. तो जड पडला, हात थरथरायला लागला. दुसरा अगदी मऊ शेंड्याचा. माझी ओढ शेंडाच खाऊन टाकायचा, मुठीपर्यंत काही पोचायचंच नाही. तिसरा हलका, बुडाशी ताठ आणि शेंड्याला चटकन हलणारा. त्याला ह्यांनी मान डोलावली. रीळ बारकं घेतलं आणि त्याचा ब्रेक सैल ठेवला, म्हणजे मी विसरून दुकानाच्या मागच्या टोकाला गेले तर रॉड हातातून ओढला जाणार नाही, नुसता दोरा सुटत राहील आणि रीळ किरकिरेल. त्या किरकिरीवरून मी दुकानात कुठे हिंडते आहे ते ह्यांना कळायचं. सुटलेला दोरा वर गेले की मीच गुंडाळून द्यायची.

घोटाळा झाला तो दोऱ्यात. पहिल्या दिवशी हाताशी होता तो तंगूस, म्हणजे साधा नायलॉनचा दोरा, लावला. तंगूस ताणतो, हे मी जन्मभर लोकांना सांगत आले. जिन्याच्या वळणापर्यंतच ह्यांची सगळी ओढ त्याने गिळली. हे दिवसभर ओढत राहिले आणि मला खाली काही म्हणजे काही कळलं नाही. संध्याकाळी वर गेले तर ह्यांनी तोंड भिंतीकडे केलेलं. दुसऱ्या दिवशी विणलेला दोरा लावला, तो ताणत नाही. जिन्यात कड्या ठोकल्या आणि खालचं टोक माझ्या मनगटावरच्या कापडी पट्ट्यात अडकवलं. पट्टा शिंप्याने शिवून दिला.

खुणा ठरवल्या नव्हत्या. ठरवायला बोलता यायला हवं होतं. एक हिसका म्हणजे वर ये. दोन म्हणजे, आहेस ना? ते आपोआपच झालं. एक हिसका क्वचित यायचा. दोन मात्र दिवसभर. मी कुणाला गळ दाखवत असले, भाव करत असले, तरी मनगटाने दोन परत द्यायची. मग वर कसं निवांत व्हायचं.

६. त्या दिवसांत मुलगी आली. नेमका तेव्हाच एक टोपीवाला गिऱ्हाईक दुकानात उभा होता. माझं मनगट बघून म्हणाला, "बाईंनी नवऱ्यालाच गळाला लावलंय की." मी हसले. ती हसली नाही.

"आई, बाबा काय जनावर आहेत का, असं दाव्याला बांधायला?" म्हणाली. गल्ल्याशेजारची कात्री उचलली आणि जिन्यात जाऊन दोरा कापला.

मी म्हटलं, "तुझे हुकूम तुझ्या घरी चालव." माझं तोंड असंच आहे. तिचंही.

दुसऱ्या दिवशी तिने पलंगाजवळ विजेची बेल बसवून घेतली. चांगली, महागातली. ह्यांनी ती एकदाही वाजवली नाही. तिला वाटलं, बाबांना आता काही लागत नाही, म्हणजे बरं चाललंय. त्या समाधानात ती परत गेली.

बाळ, हे आता तरी ऐक. बेल वाजली की मला जिना चढावा लागला असता. माझा गुडघा त्यांना ठाऊक होता. त्यांना पाणी नको असायचं, कूस बदलायची नसायची, काहीच नको असायचं. मी आहे ना, एवढंच त्यांना हवं असायचं, आणि ते मला जागेवरून न उठता देता येत होतं. बेल मला नुसती वर बोलवू शकत होती. खालून तिच्यातून मला काही पाठवता येत नव्हतं. तू होतीस तेवढे दिवस तुझे बाबा छताकडे बघत पडून होते. तू जिना उतरून गाडीत बसलीस आणि मी दोरा सांधला. बांधताना गाठ तीनदा सुटली. जन्मात माझी गाठ कधी सुटली नव्हती.

शेवटच्या सकाळी दोन हिसके आले. मी दोन दिले. पुन्हा दोन आले, पुन्हा दिले. मग दोरा सैल पडला. मला वाटलं, डोळा लागला.

तू आलीस, जिन्यातली गाठ पाहिलीस आणि म्हणालीस, "पुन्हा बांधलंस?" त्यानंतर आजपर्यंत तुझा आवाज मी ऐकलेला नाही. सांगायचं सगळं जिभेवर होतं. त्या दिवशी माझ्याच्याने बोलवलं नाही, आणि पुढे तू फोन उचलला नाहीस.

(टोपीवाल्या गिऱ्हाइकाला माझ्यामागे दुकानातला सगळ्यात गंजका गळ फुकट द्यावा आणि कोणाकडून, तेही सांगावं.)

७. दोरा अजून तसाच आहे. आता त्या पलंगावर मी असते. दुकान बंद, खालचं टोक गल्ल्याच्या मुठीला बांधलेलं. कधी कधी मी रॉड धरून मनगट उचलते, दोन हिसके देते. खाली कुणी नाही हे मला माहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं वर लिहिलंच आहे. तरी देते.

तर तो तिसरा रॉड, त्यावरचं रीळ आणि जिन्यातला दोरा, गाठीसकट, मी माझ्या मुलीला देते. घर विकण्याआधी तिने एकदा पलंगावर बसावं, रॉड डाव्या हातात धरावा आणि डोळे मिटावेत. शिंप्याने खाली जाऊन दोन हिसके द्यावेत. तिने उलट द्यावेत की नाही, ते तिचं तिने ठरवावं.

त्यानंतर दोरा कापायला माझी हरकत नाही. कात्री कुठे असते ते तिला ठाऊक आहे.

सही: तुझी आई

साक्षीदार पहिला, शेजारचा शिंपी: वरील मजकूर बाईंनी माझ्यासमोर वाचून सही केली. त्या शुद्धीवर आहेत असं लिहून द्यायचं, तर खात्री करून घ्यावी म्हणून मी कुणाला न सांगता खाली दुकानात गेलो आणि दोऱ्याला दोन हिसके दिले. उत्तर यायला थोडा वेळ लागला. पण दोन आले.

साक्षीदार दुसरी, बाईंवर उपचार करणारी डॉक्टर: त्या वेळी मी वर पलंगाशीच होते. बाईंचं डोकं पूर्णपणे ठिकाणावर आहे. डोळे कोरडे होते का, ते मला विचारलेलं नाही.

ठिकाण: दुकानावरची खोली.
दिनांक: तळ्याचं पाणी उतरून काठचा चिखल उघडा पडला, त्या आठवड्यातला सोमवार.