आबांनी खाल्लेली भाकरी

॥ श्री ॥
हडपसर, पुणे
ता. ९ जुलै १९८६

तीर्थस्वरूप दादास,
धाकट्या प्रेमलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं आंतरदेशीय पत्र मिळालं. पत्त्यावर नुसतं 'प्रेमला' लिहिलंस. 'सौ.' लिहिता येत नाही आणि 'गं. भा.' लिहायला हात धजत नाही, कळलं मला. बरं केलंस. बाकी एवढी वर्षं पलटणीत राहून तुझं अक्षर काही रांगेत चालायला शिकलं नाही.

आता काळजीचं. ह्यांना जाऊन पावणेदोन वर्षं झाली. काल विम्याच्या दाव्याची तारीख होती. चहाच्या गाडीवाल्या दिगंबरनं सरळ सांगितलं की वाळूचा ट्रक एसटीला मागं टाकायला उजवीकडं घुसला आणि सायकलवरून घरी येणाऱ्या ह्यांना त्यानं उडवलं. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलांनी एक कागद पुढं केला. त्यात लिहिलंय की चूक आमच्या मच्छिंद्रचीच होती, ड्रायव्हरचा दोष नाही. खाली सही माझ्या सासऱ्यांची. ती आबांचीच, 'सोनबा'तला 'स' ते नांगरासारखा काढतात.

तू रजा मिळवून तेराव्याला पोहोचलास, म्हणून तुला हे माहीत नाही. चौथा दिवस होता. सुतकाच्या घरात चूल नव्हती, भावकीतल्या बायका भाकऱ्या आणून देत होत्या. त्यांच्या मागून एक अनोळखी बाई पाटी घेऊन दारात उभी राहिली. विचारलं तर म्हणाली, मी बायडाबाई, त्या ड्रायव्हरची आई. कुणी पाटीला हात लावेना. मी आतून ओरडले की हिला हाकला. आणि आबा उठले, ओट्यावर बसले आणि तिच्या पाटीतली अर्धी भाकरी त्यांनी खाल्ली. मग तिनं मुलाच्या जामिनासाठी कुणाकडून तरी लिहून आणलेला कागद काढला, त्यावर आबांनी सही केली. काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही.

तेव्हापासून मी आबांशी बोलत नाही. ताट माझी पोर कुसुम नेऊन देते. तुला कळवलं नव्हतं, लाज वाटत होती.

आमचे वकील दीनानाथराव पेठेतले. ते म्हणाले की तुमच्या सासऱ्यांनी कंपनीची वकिली फीशिवाय केली, कंपनीनं निदान नारळ तरी पाठवायला हवा होता. मला रडू आलं तेव्हा त्यांनी पाणी दिलं. दावा गेला तर थोरले दीर आप्पासाहेब आम्हाला खराडीला नेणार आणि कुसुमची शाळा सोडवून तिला घरकामाला लावणार. तसं त्यांनी बोलून दाखवलंय. दादा, पोर चौथीत पहिली आली रे. मला अन्न गोड लागत नाही.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
प्रेमला


अंबाला छावणी
ता. २१ जुलै १९८६

चि. प्रेमलास,
जयसिंगचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं सुन्न झालं. आधी कामाचं. आबांना कोर्टात एवढंच सांगायला लाव की मला वाचता येत नाही आणि त्या बाईनं फसवून सही घेतली. यात अर्धं तर खरंच आहे, कागद त्यांनी वाचला नव्हता. उरलेल्या अर्ध्याचं पाप माझ्या माथी. पोरीच्या शाळेपुढं एवढं चालतं.

पण ताटाचं काय चालवलंयस? लहानपणी माझ्याशी अबोला धरायचीस, तेव्हा तासाभरात भूक लागून शरण यायचीस. आता दोन वर्षं होत आली म्हणतेस. मला त्या कागदापेक्षा ह्याचीच भीती जास्त वाटते. म्हाताऱ्याचा मुलगा गेलाय, हे विसरू नकोस.

दिवाळीला रजा मागितली आहे. कुसुमला गोड पापा. पत्राची वाट पाहतो, हात आखडू नकोस.
तुझा दादा,
जयसिंग


॥ श्री ॥
हडपसर
ता. १८ ऑगस्ट १९८६

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तेच दीनानाथरावांनीही सुचवलं. मी कुसुमकडून आबांना निरोप धाडला. उलट निरोप आला की आईला सांग, मला वाचता येतं हे गावाला ठावं हाय आणि त्या बाईनं मला फसवलं न्हाई.

आता चार सप्टेंबरला त्यांना पिंजऱ्यात उभं करणार. दावा माझ्याबरोबर त्यांच्याही नावावर आहे, त्यामुळं ते बोलतील ते आम्हाला बांधील. काल गोठ्यात म्हशीपुढं उभे राहून काहीबाही पुटपुटत होते. म्हैस निमूट ऐकत होती, न्यायाधीश ऐकतील का? ताट अर्धंअधिक परत येतं. मी विचारत नाही आणि आतल्या आत जळते. त्यांनी तिथंही चूक आपल्याच मुलाची म्हटलं, तर मी काय करू? हे मेल्यावर वाईट ठरतील, पोरीची शाळा जाईल, आणि ते करणारा माणूस माझ्याच घरात असेल.

देवाला हात जोड. लोभ कमी करू नकोस.
तुझी,
प्रेमला


॥ श्री ॥
हडपसर
ता. २२ ऑक्टोबर १९८६

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

निकाल आजच लागला, तो सांगतेच. पण आधी त्या तारखेचं ऐक, तेव्हा तुला दोन ओळीच खरडल्या होत्या.

कंपनीच्या वकिलांनी विचारलं, सही तुमचीच ना? आबा हो म्हणाले. वाचता येतं का? येतं म्हणाले. दीनानाथरावांनी कपाळाला हात लावला. मग विचारलं की ड्रायव्हरचा दोष नव्हता हे तुम्हीच लिहून दिलंय ना? आबा म्हणाले की मी त्या टायमाला मळ्यात पाणी धरत व्हतो, रस्त्यावर काय झालं ते मी कसं सांगू, ज्यानं बघितलं त्या दिगंबरनं सांगितलंय. मग सही का केली? तर म्हणाले की माफी मागायला ती बाई आली व्हती, तिला दिली. तुमची कंपनी काय माझ्या दारात भाकरी घेऊन आली न्हवती.

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि ते वाक्य त्यांना परत म्हणायला लावून लिहून घेतलं.

निकाल आमच्या बाजूनं झाला. जागेवर नसलेल्या माणसाच्या सहीनं अपघात कुणामुळं झाला ते ठरत नाही, दोष ट्रकचाच, भरपाई कंपनीनं द्यायची. कंपनी हायकोर्टात जाईल म्हणून दीनानाथरावांनी पेढे लहान आणायला सांगितले. पण कुसुमची शाळा सुटत नाही, आप्पासाहेबांनीच तसं कबूल केलं.

आता खरं सांगायचं ते. त्या तारखेहून आलो, निकालाला अजून दीड महिना होता. काय होईल ठाऊक नव्हतं. मी चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या आणि आबांचं ताट मी स्वतः नेलं. त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले की त्या बाईची ती भाकरी त्या दिवशी घशाखाली उतरत न्हवती पोरी, पण आपल्या मच्छिंद्रच्या हातून कुणी गेलं असतं, तर पाटी घेऊन मलाच जावं लागलं असतं, आणि कुणी तुकडा मोडला नसता तर मी ती तशीच परत कशी आणली असती?

मग त्यांनी ताटातली भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं सरकवली. मी तिथंच बसून खाल्ली. लहानपणी तासाभरात लागायची, ती भूक मला दोन वर्षांनी लागली, दादा.

दिवाळीला ये. आबा तुझी वाट पाहतायत, आणि त्यांनी हे मला स्वतः सांगितलं.
तुझी,
प्रेमला