तळ्यातल्या मावशीची ओटी

बडोदे,
रविवार, २८ मे २०००

चि. नीरजा हिला आजीचे पोटभर आशीर्वाद.

सगळ्यात आधी टपकली ती शेजारची जशोदाबेन, हातात लापशीची वाटी, पायात चप्पल नाही. तिच्यामागे मागच्या सोसायटीच्या बायका, मग टेम्पोभर माणसं थेट वाघोडियाहून. अगं, आपल्या अंगणात जत्रा! तुझे आजोबा असते तर खुर्ची टाकून बसले असते. मी इरकली नेसले. जो तो माझ्या पाया पडतोय, "माताजी पधार्यां तमारे आंगणे! नसीबदार छो, बा!" एवढा मान मला जन्मात कुणी दिला नव्हता बघ.

हां, आलं कोण ते राहिलंच. तुझी मावशी आली होती. लहानपणी तळ्याच्या पायरीवरून तू जिला मावशी म्हणून हाका मारायचीस ती मगर. इथल्यांची खोडियार माता मगरीवर बसते, तेव्हा मगर दारात म्हणजे माताच दारात. गुरुवारी सकाळी मी मागचं दार उघडलं तर ही न्हाणीच्या मोरीला तोंड लावून पडलेली. मी घाबरले नाही गं. आनंदाने ओरडलेच.

तळ्याचं तुला लिहिलं नव्हतं. पाऊस नाही म्हणजे नाहीच. मासे उलटे झाले तेव्हा बगळे इतके आले की मला वाटलं, काय शोभा! मग बगळेही गेले. कासवं पाण्याच्या शोधात रस्त्यावर निघाली ती ट्रकखाली गेली. मोर इतके गळालेत की कुत्री धरतात. शेवटी खाटेएवढा चिखल उरला होता, त्यात मावशी. तोही तडकला, तरी तळं सोडेना. काठावर तिनं अंडी पुरली होती.

तर ओटी. जशोदाबेननं कंकू लावलं, म्हटलं आपण शिलेदारांच्या घरच्या, मागे का राहावं? खण, नारळ, तांदूळ काढले. डोक्यावर खण ठेवला, तिनं हलवलासुद्धा नाही, मला वाटलं घेतला. मग बायकांनी भोवती गरबा धरला. ती दोनदा उठली, मोरीकडे वळली. आम्ही वाट दिली नाही, पाया पडत होतो ना! दूध घातलं, तूप घातलं. पाणी कुणाला सुचलंच नाही. टँकरचं पाणी, माठ झाकून ठेवलेले. आणि देवीला कुणी नुसतं पाणी घालतं का गं?

ऊन चढलं. जंगल खात्याची जीप आली, तिला गल्लीच्या तोंडाशीच अडवलं, "आरती पती जवा दो, साहेब." म्हणे आरती संपू दे. आरती झाली. हार्दिक नावाचा साहेब, पोरसवदाच, गुडघ्यावर बसला. तिच्या पापणीला काडी लावली. पापणी हलली नाही. खण उचलून त्यानं माझ्या हातात दिला.

"बा, कोईए पाणी ज ना नाख्युं?" म्हणजे पाणीच कुणी घातलं नाही?

तू पत्रात विचारलं होतंस, मावशी कशी आहे. तर हे असं झालं.

जशोदाबेन म्हणते, माताजीनं आपल्याकडे देह ठेवला, इथे छोटं देऊळ बांधू. काल विटासुद्धा आल्या. मी चहा केला. तो खण अजून ओट्यावर आहे, कुठे ठेवावा कळत नाही. भाव काय वाढलेत खणांचे! असो.

हार्दिक सांगून गेला, पिल्लं मातीतून ओरडतात, आई ऐकते आणि उकरून काढते, तिच्यावाचून ती आतच राहतात. मात्र आत्ता अंडी हलवली तर मरतील, अजून वेळ आहे. "हाथ ना लगाडता, बा, अमे आवीशुं."

आज सकाळी काठावर जाऊन जमिनीला कान लावला. नीरजा, आतून आवाज येतोय. बारीक, अडखळत, पण बऱ्याच जणांचा. जशोदाबेनकडून जंगल खात्यात फोन लावला. रविवार, कुणी उचलत नाही.

हात लावू नका म्हणाला होता. गुरुवारी मी हात लावला तो नको होता. आज नाही लावला तर? न्हाणीतलं घंगाळ काठोकाठ भरून ठेवलंय, जशोदाबेनला म्हटलं माझ्या वाटचं पाणी आहे, बोलू नकोस. हातात उलथनं घेतलंय, कुदळ लागेल त्यांना. हे पत्र पेटीत टाकते आणि तशीच तळ्यावर जाते.

तू अभ्यास कर, पाणी पीत जा.

तुझी,
मावशीच्या जागी निघालेली आजी

ता. क. अंड्यांसाठी पेट्या घेऊन जंगल खात्याचे लोक बुधवारी येतो म्हणालेत.