विसावं कार्ड

५ जानेवारी

चि. ठकीस, अ. उ. आ.

तुझ्या दादांचे शब्द गळत चाललेत, हे तुला ठाऊकच आहे. परवा तर भर दुकानात, हातात कात्री धरून, याला काय म्हणतात म्हणून मलाच विचारलं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस! स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, रोज घोकून घेतलं तर काही शब्द परत शिकता येतात, पण मोजकेच, वीस निवडा. एकेका शब्दाचे तीन-चार वेगवेगळे फोटो दाखवा, असंही म्हणाल्या. मला मेलीला कुठली उसंत? एकेकच कार्ड केलं. कात्री, अस्तर, काज, बाही... दुकान चालायला हवं ना! विसावं कार्ड तुझं. फोटो लगेच पाठव, नट्टापट्टा करत बसू नकोस.

उशीर केलास तर कान धरीन, पण माया कमी करणार नाही.

तुझी वहिनी

२ मार्च

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तिथे सांगायचं राहिलं, ते लिहिते. फोटो दाखवला की दादा चटकन "ठकी" म्हणतो, असं तुम्ही कळवलंत. तेवढं ऐकायला दोन दिवसांचा प्रवास करून आले. दारात उभी राहिले तर म्हणाला, "या, बसा." मला वाटलं, थट्टा करतोय. मग तुम्ही कार्ड पुढे केलंत. त्या दोन वेण्यांकडे बघून तो "ठकी" म्हणाला, आणि कार्ड मलाच कौतुकानं दाखवायला लागला.

चूक माझी. हौसेनं कॉलेजातला फोटो पाठवला. सोबत आताचा आहे, पिकल्या केसांचा. शिकवाल ना?

माझ्यावरचा जीव असाच राहू द्या.

ठकी

२ एप्रिल

चि. ठकीस, अ. उ. आ.

तुझी चूक नाही गं. बाईंनी बजावलं होतं, मीच कंटाळा केला. नवा फोटो पंधरा दिवस घोकून घेतला, पण नाव काही बसत नाही. आता नवीन शिकवायच्या मागे लागू नका, आहेत ते वीस टिकवा, असं बाई म्हणतात.

एक गोष्ट फार सलते. त्या विसांत मी माझं कार्ड केलंच नाही. मी चोवीस तास डोळ्यांसमोर, मला कसे विसरतील? आणि कार्डावर लिहिणार तरी काय? जन्मभर नुसतं "अगं" म्हणून हाक मारली.

काल दुपारी डबा घेऊन दुकानात गेले. मला बघून उठले, टेप गळ्यात अडकवली आणि अदबीनं म्हणाले, "आपलं माप घ्यायचंय का?"

मी हो म्हटलं, आणि हात पसरून उभी राहिले.

पत्र धाडत जा. मला नात्यानं हाक मारणारं तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

तुझी वहिनी