लाल दोऱ्याची पुस्तकं

१९ ऑगस्ट १९३४

पार्सल आलं. म्हणजे मी न्हाई जात!

सकाळी जेवताना मामंजी म्हणाले, "सूनबाई, पुण्याचं पार्सल सुटलं करोडगिरीतून, जकात भरली. तेवढं होऊन जाऊ द्या, मंग बघू हैदराबादेचं." तेवढं म्हणे! चैत्रात असंच एक 'तेवढं' होतं. त्याच्या आधी संक्रांतीला होतं. हे नोकरीपायी तिकडं हैदराबादेत शालीबंड्याला दोन खोल्या घेऊन हातानं पिठलं करून खातायत, अन् मी इथं जालन्यात माडीवर बसून सासऱ्यांच्या दुकानातली पुस्तकं वाचून राह्यले.

कुणाला सांगितलं तर हसेल. पुस्तकं वाचायची, हे काय काम झालं? पण आमच्याकडं झालंय. खाली मामंजींचं दुकान. विकायची पुस्तकं वेगळी, भाड्यानं द्यायची वेगळी. पुरुष येऊन घेऊन जातात. बायकांकडं साळूबाई पाटी घेऊन घरोघर जाते. अन् त्या घरांतल्या कर्त्या पुरुषांना मामंजींनी शब्द दिलाय — आमच्या सूनबाईनं वाचल्याशिवाय एकही पुस्तक तुमच्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई. मी पास केलेल्या पुस्तकाची खूण म्हणजे लाल दोरा. नव्या पुस्तकाची कच्ची शिवण उसवायची, वाचायचं, मंग दाभणानं भोकं पाडून पक्कं शिवायचं, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. बायकांना चालेल ते लाल दोऱ्यानं. न चालेल ते पांढऱ्यानं. दोऱ्याचं टोक पाठीवर बाहेर ठेवायचं, म्हणजे साळूबाईला कळतं. तिला वाचता येत न्हाई.

वाईट पुस्तकानं बायका बिघडतात म्हणे. जालन्यातली सगळी वाईट पुस्तकं एकटी मी वाचते! माझं काय?

२० ऑगस्ट

पार्सलातलं पहिलं. सून मुकी, सासू आंधळी, दोघी देवभक्त. शेवटी दोघी बऱ्या होतात. लाल. हात आपोआप तिकडंच जातो आता.

२ सप्टेंबर

ह्यांचं पत्र. तिथं एक मराठी लायब्ररी आहे. आठवड्यातला एक दिवस बायकांचा. बायका आपल्या पायांनी जातात, कपाटं उघडी असतात, हवं ते पुस्तक काढायचं, चाळायचं, नको असलं तर परत ठेवायचं. "तू आलीस की पहिल्यांदा तिथं नेईन," असं लिहिलंय.

तीन वेळा वाचलं. नको असलं तर परत ठेवायचं! मी आजपर्यंत एकही पुस्तक परत ठेवलेलं न्हाई. जे पाटीतून वर आलं ते वाचलं. चार वर्षं झाली ह्या घरात येऊन, खालच्या दुकानात माझा पाय पडलेला न्हाई. कपाटं किती, कुठल्या लाकडाची, काही माहीत न्हाई. मामंजी शिंकले की फळ्यांतून ऐकू येतं, एवढीच दुकानाची ओळख. भोकरदनला माहेरी होते तेव्हा निदान गल्लीत तरी हिंडायची.

रडले. मंग खळ करपली म्हणून उठले.

९ सप्टेंबर

सासूबाईंकडं विषय काढला. त्या भाजी निवडत होत्या. "अगं, तुझ्या मामंजींना सोडवत न्हाई तुला," म्हणाल्या. "तुझ्यासारखं वाचणारं कोण मिळणार? मला येतं का?"

दुपारी खाली कचेरीतले कुणी पेशकार आल्ते. मामंजी त्यांना सांगत होते, "बिलकुल फिकीर करू नका. आमच्या सूनबाईची पारख म्हणजे पारख. एक तक्रार दाखवा." पेशकार म्हणाले, "काकासाहेब, म्हणून तर आम्ही तुमच्याकडंच येतो."

स्तुती ऐकून अंगावर काटा आला. इतकं चांगलं काम करायला मला सांगितलं कुणी होतं? आपल्याच हातांनी दाराला कडी लावत बसले.

१० सप्टेंबर

एक तक्रार दाखवा, म्हणाले ना? दाखवते!

वाईट काम करायचं. साधी गोष्ट आहे. नको ते पुस्तक लाल दोऱ्यानं शिवून पाठवायचं. दोन घरांतून आरडाओरड झाली की मामंजी म्हणतील, सूनबाईचं डोकं ठिकाणावर न्हाई, नवऱ्याकडं पाठवा. ह्याच्याआधी कसं सुचलं न्हाई मला!

ह्यांना पत्रात सगळं लिहिलं. हसतील.

१४ सप्टेंबर

मिळालं. पार्सलात सगळ्यात खाली होतं. एका बाईचं लग्न झालेलं, नवरा वाईट बिलकुल न्हाई, मारत न्हाई, पीत न्हाई. पण घरात कुणी तिला काही विचारतच न्हाई. एक दिवस ती उठते, दुसऱ्या गावी जाते अन् खानावळ काढते. मी वाट पाहत होते, आता हिला महारोग होईल, आता ही विहिरीत उडी घेईल. कुठलं काय! खानावळ चांगली चालते. शेवटच्या पानावर ती जेवायला आलेल्या लोकांना वाढते, मंग स्वतः ताट घेऊन बसते. संपलं.

दाभण हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. या वर्षात असं दुसरं वाचलेलं न्हाई. पहाटे पुन्हा सुरुवातीपासून वाचलं.

मंग लाल दोऱ्यानं शिवलं. घट्ट. अन् मुकी सून–आंधळी सासू उसवून पांढऱ्यानं शिवली. पुरुषांना वाचू द्या तिचं पुण्य.

१५ सप्टेंबर

साळूबाई पाटी घेऊन गेली. मला भाकरी गेली न्हाई.

२१ सप्टेंबर

काही न्हाई. साळूबाईला विचारलं, खानावळवाली कुठं आहे? "ती व्हय? वकिलीणबाईकडं गेल्ती. तिनं जावंला देली. जाऊ म्हन्ली, अजून दोन दिस ठिवते. म्या म्हन्लं, बाई, भाडं पडंल. तर म्हन्ली, पडू दे."

"ओरडलं का कुणी?"

"कोन वरडंल वैनी? लाल दोरा हाय ना तुमचा!"

कपाळ माझं.

२९ सप्टेंबर

तक्रार आली! पेशकारच आले. मी फळीला कान लावून बसले होते, खोटं कशाला लिहू? पेशकार म्हणत होते, "काकासाहेब, हे काय पुस्तक पाठवलंत? चुलीवर भात लागला तरी बाई उठेना. रात्री मला विचारते, तुम्ही मला कधी काही विचारलंत का?"

आता भडका उडतो म्हणून मी डोळे मिटून घेतले. खाली मामंजी हसले! "मंग? काय उत्तर दिलंत?"

पेशकार म्हणाले, "उद्या भाजी कोणती आणू, ते मीच विचारलं तिला. अन् काय सांगू काकासाहेब, बरं वाटलं तिला. ते जाऊ द्या. त्याच माणसाचं दुसरं पुस्तक आहे का, असं विचारायला पाठवलंय मला."

मेलं! वाईट करायलासुद्धा जमेना मला.

३० सप्टेंबर

मामंजी जेवताना: "सूनबाई, ह्या खेपेला कमाल केलीत." दोन वाट्या आमरस पुढं आला असता आंब्याचे दिवस असते तर.

७ ऑक्टोबर

हट्टाला पेटले. आणखी तीन पुस्तकं लाल करून टाकली. एकात विधवा शिकते अन् डॉक्टरीण होते. एकात दोघी बहिणी बापाच्या जमिनीसाठी कोर्टात जातात अन् जिंकतात. तिसरं तर नुसतं प्रवासाचं, एक बाई एकटी समुद्र बघायला जाते, बस्स, समुद्र बघते अन् परत येते. ही तिन्ही वाचताना मी पांढरा दोरा पांढरा दोरा असं मनात म्हणत होते अन् पानं उलटत होते.

खरं लिहू का? मी वाईट काम करायला बसले अन् पहिल्यांदा मला आवडलेल्या पुस्तकांना लाल दोरा लागला. इतकी वर्षं मी माझी आवड विचारातच घेतली न्हाई. मामंजींना काय आवडेल, पेशकारांना काय चालेल, तेच बघत आले.

ह्यांना लांबलचक पत्र लिहिलं. पुस्तकं, बायका, पेशकारांचा भात, सगळं.

१८ ऑक्टोबर

साळूबाईची पाटी पुरत न्हाई. तिनं भाची आणली हाताखाली, सोनूबाई. पिंपळगाव रेणुकाईच्या दर्शनाला गेलेल्या बायकांनी तिथं एकमेकींना सांगितलं म्हणे, आता तिकडून मागणी. केदारखेड्याच्या एका पाटलीणबाईनं बैलगाडीतून गडी पाठवला, लाल दोऱ्याचं जे असेल ते दे म्हणून.

"वैनी, समद्या बायका तुमचं नाव घ्येत्यात," साळूबाई म्हणाली. "पर तुमाला कुनी बगितलं न्हाई. येक जन तर म्हन्ली, काकासायबाची सून खरंच हाय का नुसतंच सांगतेत?"

खूप हसले. मंग हसू थांबलं. जाळी लावलेली खिडकी उघडली. समोर भिंत आहे, शेजारच्यांची. तिला नवा चुना दिलाय.

२७ ऑक्टोबर

ह्यांचं पत्र. "तुझी पत्रं मी मित्रांना वाचून दाखवतो. ऑफिसात फायली पुढं ढकलताना तुझी साळूबाईच डोळ्यापुढं येते." छान. पण कधी नेणार, ते लिहिलेलं न्हाई. मामंजी पाठवतील तेव्हा, दुसरं काय!

२ नोव्हेंबर

दर दिवाळी पाडव्याला दुकानापुढं फळा लागतो — सालभरात आमच्याकडची सगळ्यात चांगली पुस्तकं. नावं मी सांगायची, मामंजी सुंदर अक्षरात लिहितात. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत आमचं साल. आज मामंजींनी नावं मागितली. लोक विचारून राह्यलेत म्हणे, जल्दी द्या.

मी म्हटलं, "देते." अन् दिली न्हाईत.

५ नोव्हेंबर

पुन्हा मागितली. सासूबाई चकल्या तळत होत्या. माझ्या तोंडून निघालं ते असं — "मामंजी, नावं देते. शिवायची राहिलेली पुस्तकंही शिवते. पण मला हैदराबादेला पाठवा. न्हाई पाठवलंत तर दोऱ्याला हात लावायची न्हाई. लालही न्हाई, पांढराही न्हाई."

सासूबाईंची चकली कढईत काळी झाली.

मामंजी खाली गेले. दुकान वेळेआधी बंद केलं. रात्री जेवले न्हाईत. मी पण न्हाई.

दिवाळी पाडवा

सासूबाईंचं ओवाळून झालं. मामंजी पाटावरून उठलेच न्हाईत. म्हणाले, "बराबर आहे तुमचं. मी तुम्हाला सून म्हणून आणलं अन् नोकर करून ठेवलं. आमच्या भालचंद्राला लिहितो आज. संक्रांतीला येऊन घेऊन जा म्हणून." मंग थोड्या वेळानं, "आता तरी नावं सांगा."

सांगितली! पहिली खानावळवाली. मंग डॉक्टरीण. मंग दोघी बहिणी, मंग समुद्र. मामंजींनी खडूनं वळणदार अक्षरात लिहिली. फळा मी बघितला न्हाई, अंगणात लिहून बाहेर नेला तेव्हा पाठमोराच दिसला. पण साळूबाई म्हणाली, लोक थांबून थांबून वाचतायत.

मी पाडव्याचा तिळाच्या तेलाचा दिवा लावला अन् त्याच्यापुढं उगाच हसत बसले. जाणार! मी जाणार!

२५ नोव्हेंबर

राहिलेली पुस्तकं शिवतेय. अजून एक साल पुरतील एवढी शिवून ठेवते. मामंजींना त्रास नको. भले आहेत बिचारे. कडी माझ्याकडूनच लागली होती, माझ्याकडूनच निघाली.

१५ डिसेंबर

लोखंडी ट्रंक खाली काढली, गंज घासला. चार लुगडी, पोलकी, कुंकवाचा करंडा, आईनं दिलेली पितळी फुलपात्रं. एकही पुस्तक घेतलं न्हाई. सासूबाई म्हणाल्या, "घे की एखादं." म्हटलं, "तिथं जाऊन घेईन. कपाटातून."

ती लायब्ररी कशी असेल ते रोज नवं नवं सुचतं. काल ती दगडी होती. आज तिला हिरवी दारं आहेत.

२ जानेवारी १९३५

साळूबाई आली अन् जिन्यातच बसली. "तुमी गेल्यावर दोरा कोन बांदंल वैनी?"

"कुणीच न्हाई. सगळी पुस्तकं एकाच पाटीत टाक. ज्या बाईला जे पाहिजे ते तिला काढून घेऊ दे."

"आन् वंगाळ निगालं तर?"

"परत ठेवील."

तिनं पदरानं डोळे पुसले. मंग म्हणाली, "तिकडं भाकरी मिळती का न्हाई? का नुसता भातच?" दोघी हसलो.

१२ जानेवारी

तार आली, हे उद्या येतायत. सासूबाईंनी तिळगूळ बांधून दिला वाटेत खायला. दोन दिवस राहून निघायचं. ट्रंकेला कुलूप लावलं, अन् पुन्हा उघडून बघितलं, अन् पुन्हा लावलं. लहान पोरीसारखं चाललंय माझं. मी ती ट्रंक ओढत ओढत जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवली. सासूबाई ओरडल्या, "अगं, तीन दिवस आहेत अजून!" असू दे.

१३ जानेवारी

हे आले. टांग्यातून ट्रंक उतरली, वळकटी उतरली. मंग स्टोव्ह उतरला. बादली. आरसा. पोळपाट. मी जिन्यात उभी राहून बघत होते.

"राजीनामा दिला," हे हसत हसत वर येत म्हणाले. "तुझी पत्रं वाचून वाटलं, मी तिथं काय करून राह्यलो? खरं काम तर इथं चाललंय. आता दोघं मिळून वाढवू." मामंजी खाली दारात उभे होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्तं. हेही किती खूष! माझ्यासाठी सोडून आले सगळं.

टांगेवाला बादली घेऊन जिन्यात अडला. वाटेत माझी ट्रंक होती. मी ती बाजूला सरकवली.