आठाचं क्रँक, अकराची चेन

४ फेब्रुवारी, मंगळवार

कानामागून आली आणि तिखट झाली!

आज ती माझ्या जागेवर बसली. दोघांच्या सायकलच्या पुढच्या सीटवर. आणि ती सीट खाली कुणी केली? मीच! दुकान माझं, पाना माझ्या हातात, दुसरं कोण करणार? ती माझ्यापेक्षा चांगली चार बोटं बुटकी आहे. बघून जरा बरं वाटलं. तेवढंच.

हा मागे बसला, नेहमीसारखा. पेडल चाचपलं, पाय ठेवला आणि म्हणाला, "चला कॅप्टन!"

मी 'हो' म्हणणार होते. तोंड उघडलंसुद्धा.

ती म्हणाली, "चला सर."

५ फेब्रुवारी

लिहून काढलं तर डोकं थंड होईल म्हणतात. बघू.

ह्याची नजर लग्नानंतर गेली. एकदम नाही — कडेकडून आत अंधारत गेली. पूर्ण गेली त्या वर्षी मी ही दोघांची सायकल बांधली. पुढच्याने रस्ता बघायचा, वळवायचं, ब्रेक लावायचे, गिअर बदलायचे. मागच्याने नुसता जोर लावायचा. पुढे मी, मागे हा. इतकी वर्षं.

मग माझा गुडघा. डॉक्टर म्हणाले, चढावर जोर लावणं बंद. आणि इथे सपाट रस्ता शोधावा लागतो! सायकल दुकानात टांगली गेली. हा ऑफिसात दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचा आणि घरी येऊन गप्प बसायचा. मीच म्हणाले, "शोध की कुणीतरी पुढे बसायला!"

शोधलं. समोरच्या शाळेतली खेळाची मास्तरीण. आणि लगेच डोंगराच्या शर्यतीत नाव! जोड्यांच्या सायकलींची शर्यत, मार्चमध्ये.

कुणीतरी म्हणाले होते मी. ही असं नव्हते म्हणाले.

सासूबाईंना माझं तोंड दिसलंच. म्हणाल्या, "अगं, पळून पळून जातील कुठे? सायकल बिघडली की दोघं तुझ्याच दारात येतील!"

९ फेब्रुवारी, रविवार

दोघं तळ्यापर्यंत जाऊन आले. हा शर्ट घामाने चिंब करून, तोंडभर हसत. "ती प्रत्येक वळण सांगते. 'डावीकडे, सर. आता सरळ.' छान सांगते."

"मी नव्हते सांगत?"

"नाही. तुझं मला कळायचं."

आता लिहिताना दिसतंय की हे चांगलं बोलला होता. तेव्हा फक्त 'नाही' ऐकू आलं. भांडी इतकी आपटली की सासूबाई म्हणाल्या, "कपाची काय चूक?"

१२ फेब्रुवारी

मास्तरीण खोकं घेऊन दुकानात. आत अकरा गिअरचा मागचा अख्खा संच. चक्रं, चेन, गिअर बदलायचा हँडलवरचा खटका, सगळं. तिच्या भावाचं, वापरात नसलेलं. आमची सायकल आठाची. सगळ्यात हलका गिअरही डोंगराला जडच, हे खरंय.

"ताई, पुढचं पेडलांचं क्रँक जुनंच ठेवू या. मागचं तेवढं अकराचं घालू. जमेल ना?"

मी म्हणाले, "जमायचं नाही."

का म्हणाले? जमतं! ज्यांच्या हाताखाली शिकले ते उस्ताद सांगायचे — मागची चक्रं, चेन आणि खटका ही तिघं एका घरची लागतात. आठाच्या खटक्याला अकराची चक्रं दिलीस की एक गिअर मागितला तर दीड मिळतो. क्रँक मात्र जावई! दुसऱ्या घरचा असला तरी खपतो. फक्त एक डोळा ठेवायचा.

हा तिथेच स्टुलावर बसला होता. म्हणाला, "जमत नाही, की तुला जमवायचं नाही?"

तिच्यासमोर! अंगाचा तिळपापड झाला. म्हणाले, "ठेवा खोकं. बघते."

१५ फेब्रुवारी

बसवलं. स्टँडवर टांगून हाताने फिरवलं. मागचे अकराच्या अकरा गिअर बिनबोभाट पडले. आपलं काम आपल्यालाच आवडावं आणि ते तिच्यासाठी असावं!

डोळा कशावर ठेवायचा तेही इथे लिहिते. क्रँकवर दोन चक्रं, मोठं आणि लहान. आठाच्या काळात चेन जाड, म्हणून दोन चक्रांमधली फटही मोठी. अकराची चेन बारीक. पायात जोर असताना मोठ्यावरून लहानावर आणली, तर मध्येच फटीत पडू शकते. म्हणून चढ लागायच्या आधीच, पाय सैल सोडून बदलायचं. एवढं एक वाक्य तिला सांगायला हवं.

१६ फेब्रुवारी, रविवार

नाही सांगितलं.

जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ह्याने तिला म्हटलं, "कॅप्टन, आज डोंगराचं पहिलं वळण गाठायचं!" आणि ती हसली. मनात म्हटलं, एवढी शहाणी आहे, कळेल तिचं तिला.

कळलं. पहिल्या वळणाखाली चेन फटीत पडली, पाय अडकले, सायकल जागच्या जागी आडवी. तिचं कोपर सोललं. ह्याचं डावं मनगट मोडलं.

दवाखान्यातून आलो. प्लास्टर. हा म्हणतो, "माझंच चुकलं. मी जोर सोडला नाही."

१७ फेब्रुवारी

सांगून टाकलं. हा चहा पीत होता.

"मला माहीत होतं चेन पडू शकते. तिला सांगितलं नाही मी."

कप खाली ठेवला. जागा चुकली, बशीच्या कडेवर ठेवला. मी सरळ केला नाही. हात लावायची हिंमत झाली नाही.

"का?"

"जळते मी तिच्यावर."

उजवा हात प्लास्टरवर ठेवला. मग म्हणाला, "मनगट मोडण्याइतकं?"

मला रडू आलं. ह्याने जवळ घेतलं नाही. बरोबर केलं.

१८ फेब्रुवारी

अबोला. सासूबाई एकदा ह्याच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे. त्यांनीसुद्धा आज एकही विनोद केला नाही. एवढं वाईट चाललंय!

२० फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर मीच तिच्याकडे गेले. मैदानावर एकटीच दोऱ्या गुंडाळत होती. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फट, चेन, न बोललेलं वाक्य. तिने दोरी पूर्ण गुंडाळली, गाठ मारली.

"मला वाटलं मला चालवता येत नाही. चार दिवस तेच डोक्यात आहे माझ्या."

"चूक माझी होती."

"हो," म्हणाली. "तुमचीच होती."

आणि आत निघून गेली. मला वाटलं होतं 'जाऊ द्या ताई' म्हणेल. का म्हणावं तिने?

२४ फेब्रुवारी

आज मास्तरीण आली! हातात तिच्या स्वतःच्या सायकलचं क्रँक — अकराचं. बाकावर ठेवलं. "ह्यातलं लहान चक्र तुमच्या क्रँकला बसेल?"

बोल्टांची भोकं जुळवून पाहिली. जुळली! ह्या अकराच्या चक्राचे दाते मोठ्या चक्राकडे जरा सरकलेले असतात, म्हणजे फट आपोआप कमी. "पण मग तुमची सायकल?"

"उभी राहील. शर्यत कुठे आहे तिला?"

"राग गेला?"

"नाही. पण सायकल नीट व्हायला पाहिजे."

दोघींनी मिळून बसवलं. हात काळे झाल्यावर माणूस जरा मोकळं बोलतो. म्हणाली, "एक सांगू ताई? मी वळण सांगायच्या आत सर कलतात. तुमच्या सवयीने. मी पुढे बसते खरी, पण दर वळणावर वाटतं, मागून तुम्हीच चालवताय. कितीदा वैतागलेय मी तुमच्यावर!"

माझ्यावर! ती!

बोल्ट आवळत राहिले. गरजेपेक्षा जरा जास्तच आवळला. सैल करून पुन्हा आवळला.

२५ फेब्रुवारी

चेन पडते की नाही ते जोर लावल्याशिवाय कळत नाही. जोर लावायला मागे माणूस हवा. ह्याचा हात गळ्यात. मास्तरीण म्हणाली, "तुम्ही बसा ना मागे."

"माझा गुडघा —"

"तुमच्या त्या जड गिअरने गेला तो. ह्याच्यात नुसते पाय फिरवायचे."

आयुष्यात पहिल्यांदा मी मागे बसले.

काही दिसत नाही! समोर नुसती एक पाठ. खड्डा आला की कळतो — आल्यावर. ब्रेक तिच्याकडे, हँडल तिच्याकडे. माझ्याकडे फक्त पाय. गल्लीच्या टोकालाच ओरडले, "हळू!" हा इतकी वर्षं इथे बसला आणि एकदाही हळू म्हणाला नाही.

शाळेमागच्या चढावर मुद्दाम पायात जोर ठेवून गिअर बदललं. पुन्हा बदललं. चेन पडली नाही.

घरी येऊन ह्याला म्हणाले, "मागे बसून आले. कसा बसतोस रे?"

म्हणाला, "पुढे कोण आहे त्यावर आहे." बोलला तरी!

३ मार्च

मास्तरीण डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेली मला. त्यांनी गुडघा वाकवून वाकवून पाहिला. "हलका गिअर असेल तर जा. दुखलं की उतरायचं. हट्ट नको."

शर्यतीत ह्याच्या जागी माझं नाव. हाच म्हणाला, "जा की. प्लास्टर शर्यतीच्या आत निघत नाही माझं." अगदी सहज म्हणाला.

सासूबाई: "आता दोघी मिळून पडू नका म्हणजे झालं. ह्या घरात धडधाकट एक तरी राहू दे." विनोद परत आले!

१६ मार्च, रविवार

पोहोचलो!! डोंगरमाथ्यावर! शेवटून दुसऱ्या.

खालपासून वरपर्यंत सगळ्यात हलक्या गिअरला. इतकं हळू की शेजारून चालणाऱ्या एका आजोबांनी आम्हाला गाठलं, विचारपूस केली आणि पुढे निघून गेले. पुढे! पायी! मास्तरणीला हसता हसता हँडल सांभाळेना. मी मागून ओरडतेय, "रस्ता बघा!" आणि मलाच हसू आवरत नाही. वळणावर हा आणि सासूबाई उभे होते, त्यांना हात करायचंही सुचलं नाही.

ती वळली की मी कलत होते. शेवटी शेवटी तर ती सांगायचीही थांबली होती.

खूप दिवसांनी कुणावर जळले नाही. अख्खा दिवस!

१७ मार्च

हा सकाळपासून गप्प. पोळी अर्धी टाकली. दोनदा विचारलं. "काही नाही."

दुकानात जायला निघाले तर दारातून म्हणाला, "काल वळणावर तुमचं हसू ऐकलं मी. एवढं कशाला हसत होतात दोघी?"

तो आवाज मला पाठ आहे. महिनाभर माझ्याच घशात होता.

किल्ली परत खुंटीला अडकवली, खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि पहिल्या वळणापासून सांगायला लागले.