शेवटच्या खेळाला शेजारची खुर्ची मिळण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
अ‍ॅनिमेशन विभाग,
चित्रकला महाविद्यालय.

विषय : अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या फिल्म्सच्या उद्याच्या शेवटच्या खेळास विद्यार्थिनीच्या आईला तिच्या शेजारी बसू देण्याबाबत.

संदर्भ : 'पालकांना एकदाच प्रवेश' ही सभागृहाच्या दारावर लावलेली आपली सूचना.

महोदया,

१. अर्जदार ही आपल्या विभागातील अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थिनीची आई असून चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. मुलीची फिल्म मोठ्या पडद्यावर लागणार म्हणून पहिल्या खेळाला अर्जदार व मुलीचे वडील ठेवणीतले कपडे घालून वेळेआधीच येऊन बसले होते. फिल्ममध्ये खोलीत एकटी राहणारी एक मुलगी आपली एकेक वस्तू देऊन टाकते : कुंडी शेजारणीला, मनगटी घड्याळ धाकट्या भावाला, रंगांची पेटी मैत्रिणीला. वस्तू गेली की तिच्या अंगाच्या रेषा थोड्या पुसल्या जातात. शेवटी खुर्ची उरते, आणि खुर्चीत कोणी नसते. यावर सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. वडिलांनीही वाजवल्या. अर्जदाराचे हात मात्र मांडीवरून उचलले गेले नाहीत.

२. कारण असे की, ते घड्याळ खरे आहे. मागच्या सुट्टीत मुलीने ते भावाच्या हातात बांधले व "मला आता नाही लागत" असे म्हणाली. कुंडीसुद्धा शेजारच्या काकूंच्या कठड्यावर आहे. पोरगी मोठी झाली, तिला देण्याची बुद्धी झाली, असे वाटून अर्जदारास त्या वेळी भरून आले होते. तेच पडद्यावर पाहताना ते देणे नव्हे, आवराआवर आहे असे वाटले.

३. खेळानंतर मार्गदर्शक सरांना गाठून अर्जदाराने आपली भीती बोलून दाखवली. सर सज्जन आहेत. ते म्हणाले, "ताई, कलाकृती वेगळी, कलाकार वेगळा. शेवट फार धीट आहे, अभिमान बाळगा." परतीच्या वाटेवर मुलीचे वडील म्हणाले, "तुझं नेहमीचंच. राईचा पर्वत करतेस." मुलीला वसतिगृहावर फोन केला तर ती हसली. पण फोनवर हसणे नुसते ऐकू येते.

४. सबब अर्जदार दुसऱ्या खेळालाही आली. दारावरचे रखवालदार म्हणाले, "बाई, पालकांना एकदाच. वरून हुकूम आहे." अर्जदाराने प्रथम विनंती केली, मग हुज्जत घातली, आणि शेवटी आपण दुसऱ्याच एका विद्यार्थ्याची मावशी आहोत असे धडधडीत खोटे सांगितले. कोणाची, असे विचारल्यावर एकही नाव सुचेना, तेव्हा रडू फुटले व रखवालदारांनी दार किलकिले केले. खोट्याबद्दल क्षमा असावी. त्यात रखवालदारांचा काडीचाही दोष नाही. त्यांच्यावर कारवाई करू नये.

५. अंधारात पायरीवर बसून अर्जदाराने पडदा पाहिलाच नाही, मुलीला पाहिले. ती शेवटच्या रांगेत होती, आणि तीही पडदा पाहत नव्हती. लोकांचे चेहरे पाहत होती, एकेक करून. टाळ्या सुरू झाल्या तशी उठली व बाजूच्या दाराने निघून गेली. अर्जदार मागोमाग धावली. जिना चढली. वरच्या मजल्यावर, चित्रे काढायच्या खोलीत, मुलगी आपल्या टेबलापाशी उभी होती. टेबल लख्ख रिकामे होते. एवढ्या वर्षांत अर्जदाराने ते तसे कधीच पाहिले नव्हते.

अशा वेळी काय विचारावे हे कोणी शिकवत नाही. अर्जदाराने सरळ विचारले, "बाळा, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का तुझ्या?"

मुलीने रिकाम्या टेबलावरून हात फिरवला. मग म्हणाली, "हो आई. आहे." आणि तिथेच फरशीवर बसली. "मी दोन्ही वेळा मागे बसून बघत होते, कोणाला तरी कळेल म्हणून. सगळे टाळ्या वाजवतात गं."

६. तिला तसेच उचलून डॉक्टरांकडे नेले. औषध सुरू झाले आहे. एकटे सोडू नये अशी त्यांची सक्त सूचना आहे. हा अर्ज लिहिताना मुलगी घरी आतल्या खोलीत झोपली असून दार सताड उघडे आहे. अर्जदार दर दोन ओळींनी उठून तिचा श्वास चालू आहे ना, हे पाहून येते. अक्षर वेडेवाकडे आले आहे ते त्यामुळे. वडील तिच्या उंबऱ्यात बसून आहेत. त्यांनी जेवणाचे ताटही तिथेच मागून घेतले.

७. उद्याचा खेळ मुलीला पाहायचा आहे. "या वेळी तू माझ्या शेजारी बस," असे ती स्वतः म्हणाली. डॉक्टरांची हरकत नाही. तरी नियम शिथिल करून दाराजवळच्या दोन लगतच्या खुर्च्या द्याव्यात. ते जमत नसल्यास अर्जदार खाली बसेल, भिंतीशी उभी राहील, खेळानंतर सभागृह झाडून देईल. पण बाहेर थांबणार नाही. टाळ्या बंद कराव्यात असेही म्हणणे नाही. फक्त कोणी तिला भेटायला आले, तर रेषा कशा पुसल्या हे विचारण्याआधी ती कशी आहे, हे विचारावे.

८. पुढील मजकूर अर्जाच्या विषयात बसत नाही, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. मुलीच्या फिल्मच्या लगेच आधी एका विद्यार्थ्याची फिल्म होती. पाण्याच्या तळाशी बसलेला एकजण वरून जाणाऱ्या होड्यांना हात करतो. होड्यांतले लोकही हसून हात हलवतात व पुढे जातात. पहिल्या खेळाला सगळे सभागृह हसले होते. अर्जदारही हसली होती. तो विद्यार्थी कोण, त्याचे घरचे कोणी आले होते का, हे अर्जदारास ठाऊक नाही. खुर्चीचा निर्णय आपण उद्या सकाळी घेतलात तरी चालेल. त्याला मात्र हा अर्ज हातातून खाली ठेवताच, आजच, विचारावे.

उत्तर येवो न येवो, उद्या मुलीचा हात धरून दारात उभी राहणारी,

आपली नम्र,
अर्जदार आई

दिनांक : शेवटच्या खेळाचा आदला दिवस, दुपार.

सोबत : डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत.