भंडारा उचलला तेव्हा

जामखेड, फेब्रुवारी १९४६

चि. भागवतास कानिफनाथकाकाचे अनेक आशीर्वाद.

काल चावडीत तू सर्वांसमोर म्हणालास, "गुलाबशेटच्या मोटारीतनं मी चार दिवस प्रचार केला. चुकलं. मोटार परत धाडली हाय." माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. रेशनची ज्वारी चोरून विकणाऱ्याची ती मोटार, आणि असेंब्लीला उभा राहिलेला माझा पुतण्या तिच्यात! आठ दिवस मला अन्न गोड लागत नव्हतं. म्हातारे पाटील म्हणाले, "आता बैलगाडीतनं फीर, मतं मिळतील. हाडं तेवढी मोजून ठेव!" सगळे हसले, मीही हसलो.

पण तू पुढे म्हणालास, "काकांनी माझ्यासाठी भंडारा उचलून शपथ घेतली. त्यांना हे ठाऊक न्हवतं."

भागवता, मला ठाऊक होतं. शपथेच्या आदल्याच दिवशी तुला त्या मोटारीतून उतरताना मी पाहिलं होतं. तरी खंडोबाचा भंडारा हातात घेऊन गावाला सांगितलं, की माझ्या पुतण्याचा त्या माणसाशी संबंध नाही. तू निवडून यावास, एवढंच डोक्यात होतं.

तू खरं बोलून मोकळा झालास. उद्या मीही चावडीत बोलणार आहे. हे पत्र मात्र धाडत नाही. आधी कळलं तर माझ्या अब्रूपायी तू मला अडवशील.

तुझा,
कानिफनाथकाका